आधी सपरी, मग खोली : खेड्यातल्या घराशेजारी कुटुंबाचे वर्कशॉप आखताना

विदर्भातल्या खेड्यात घराच्या आवारात किंवा शेतावर वर्कशॉप बांधायचे ठरले की बहुतेक ठिकाणी गवंड्याला एकच वाक्य सांगितले जाते : वीस बाय तीसचे टिनाचे शेड काढून दे. चारी बाजूंनी विटांच्या भिंती, वर पत्रे, समोर लोखंडी शटर आणि एखादी खिडकी एवढ्यात ते बांधकाम संपते. मार्च लागला की दुपारी अकरानंतर त्या शेडमध्ये उभे राहवत नाही, दिवाळीच्या सुमारास तेथे सोयाबीनची पोती आणि पाठोपाठ कापूस येतो, आणि वर्ष उलटण्यापूर्वीच वर्कशॉपचे गोदाम झालेले असते. घरातल्या स्त्रिया, मुले आणि म्हातारी माणसे यांना तर तिकडे फिरकण्याचे काही कारणच उरत नाही. ही जागा सगळ्या घराने वापरावी अशी इच्छा असेल, तर आखणीचा क्रम उलटा धरावा. सावलीची, मोकळी, ऐसपैस सपरी, म्हणजे भिंतीला लागून खांबांवर छप्पर टाकलेली ओसरी, ही मुख्य इमारत समजावी आणि बंद खोली ही तिला जोडलेली, यंत्रे व अवजारे कुलपात ठेवण्यापुरती जागा समजावी. आपल्या हवेत वर्षातले निम्म्याहून अधिक हातकाम छपराखालच्या मोकळ्या जागेतच सुखाने होते.

वर्षाचे काम आधी कागदावर

नकाशा काढण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाला, मुलांसकट, विचारावे की या जागेत तुम्ही कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या वेळी, काय करणार आहात. उत्तरे महिन्यांच्या क्रमाने लिहून काढली की आराखडा अर्धा तयार होतो. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत पापड, कुरडया, सरगुंडे, मुंगवड्या ही वाळवणाची कामे सकाळी लवकर सुरू होतात. त्यांना स्वच्छ धुता येणारी जमीन, जवळ पाण्याचा नळ आणि लागूनच उन्हाचे आंगण लागते. मृग लागण्यापूर्वीच्या पंधरवड्यात वखराची पास धारेला लावणे, डवऱ्याचा दांडा बदलणे, तिफणीचे चाडे आणि नळ्या पाहणे अशी कामे एकदम येतात, आणि त्या वेळी ऊन अजून उतरलेले नसते. पावसाळ्यात शिलाई मशीन, बांबूकाम आणि मुलांचे उद्योग चालतात. श्रावण अमावास्येला पोळा आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. त्याच्या आदल्या आठवड्यात लाकडी नंदी घासून, चाके लावून, रंगवून तयार करणे हे मुलांना वर्कशॉपची गोडी लावणारे आपल्याकडचे सर्वांत चांगले काम आहे, आणि त्यासाठी कोणत्याही विजेच्या यंत्राची गरज नाही. माघात तूर घरी आली की डाळ करण्याचे काम निघते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली पीकेव्ही मिनी दाल मिल घरी किंवा बचत गटात घेण्याचा विचार असेल, तर तिच्या पायासाठी, मोटारीसाठी आणि डाळ-चुरी पसरण्यासाठी लागणारी जागा पहिल्यापासून नकाशात धरावी. नंतर ती कोपऱ्यात कोंबली की यंत्र पडून राहते.

या कागदावरून आणखी एक गोष्ट लक्षात येते. घरातल्या सगळ्यांची कामे एकाच वेळी, एकाच जागी होत नाहीत, पण त्यांपैकी दोन कामे एकमेकांच्या वाऱ्यावर मुळीच येऊ नयेत : खाण्याचे काम आणि लोखंडाचे काम. म्हणून दिशांचा विचार कामांच्या यादीनंतर लगेच करावा.

जमीन : काळी की बरड

जागा निवडताना शेतातला सर्वांत चांगला तुकडा वर्कशॉपला देऊ नये, हे पिकाच्या दृष्टीने जितके खरे तितकेच बांधकामाच्या दृष्टीनेही खरे आहे. कापसाची भारी काळी जमीन पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. ही उठबस दरवर्षी होत असल्याने उथळ पायावरच्या भिंतींना खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरप्या चिरा जातात आणि कोबा मध्येच उचलला जातो. त्यामुळे आवारात किंवा बांधाशेजारी बरड जमिनीचा उंचवटा असेल, जेथे दोन-तीन फुटांवर मुरूम लागतो, तर घरापासून थोडे लांब पडले तरी तेच ठिकाण घ्यावे. कोठे काय लागते हे ओळखण्यासाठी मे महिन्यात, भेगा पूर्ण उघडलेल्या असताना, दोन-तीन ठिकाणी पाच फुटांचे खड्डे घेऊन पाहावे. हा खर्च मजुरीपुरता असतो आणि पुढचा मोठा खर्च तोच वाचवतो.

काळ्या जमिनीला पर्यायच नसेल तर पाया साध्या चरातला ठेवू नये. अशा जमिनीसाठी रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेली, खालच्या टोकाला कंदासारखी फुगवलेली काँक्रीटची पाइल (जमिनीत खोल घातलेला खांब) ही पद्धत आता तालुक्याच्या ठिकाणच्या कंत्राटदारांनाही माहीत आहे. ही पाइल साधारण साडेतीन मीटर खोल, म्हणजे जमिनीची उठबस जेथे थांबते तेथवर नेतात आणि वरून सलग बीमने बांधून घेतात. किती पाइल, किती अंतरावर, हे मात्र अभियंत्याकडूनच ठरवून घ्यावे. फरशीखालची काळी माती किमान दोन-तीन फूट काढून टाकून तेथे मुरूम भरावा, आणि तो एकदम न ओतता सहा-सहा इंचांच्या थरांनी, पाणी मारून, धुम्मस करत भरावा. इमारतीभोवती तीन ते चार फूट रुंदीचा, बाहेर उतरता काँक्रीटचा पट्टा करावा, म्हणजे पागोळ्यांचे पाणी पायाशी मुरणार नाही. टाकीचे ओसंडणारे पाणी किंवा कूलरची गळती याच पायाशी सोडली तर वर सांगितलेल्या सगळ्यावर पाणी पडते.

ऊन आणि वारा पाहून मांडणी

नागपूरचा अक्षांश सुमारे २१ अंश उत्तर आहे. मे महिन्याच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्यास सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि मधल्या काळात तो किंचित उत्तरेकडे असतो. डिसेंबरात मात्र तो दक्षिणेकडे कलून दुपारीही क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवरच राहतो. याचा उपयोग असा की दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा सज्जा काढला तर मार्च आणि सप्टेंबरच्या दुपारी त्याची सावली भिंतीवर पाच फूट खालपर्यंत पडते, आणि डिसेंबरात फक्त दोन फूट, म्हणजे थंडीत ऊन आत येते आणि तापत्या दिवसांत अडते. पूर्व-पश्चिमेला ही युक्ती चालत नाही, कारण तेथून येणारे ऊन तिरपे आणि खालून येते. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला या भागांत पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा खोली तापवण्यात छपराच्या खालोखाल वाटा पश्चिमेच्या भिंतीचा असतो. म्हणून इमारत पूर्व-पश्चिम लांब ठेवावी आणि पश्चिमेच्या टोकाला साठवणीची खोली काढावी. दुपारचे ऊन पोत्यांनी झेलावे, माणसांनी नव्हे. वास्तुशास्त्र मानणारी वडीलधारी मंडळी जड सामान नैर्ऋत्येला ठेवावे असे सांगतात, त्यामुळे या मांडणीला घरातून विरोध होण्याचे कारण नाही.

मध्यम घरासाठी पुढील माप विचारात घ्यावे. कामाची बंद खोली १२ बाय २० फुटांची, तिच्या पश्चिमेला लागून १२ बाय ८ फुटांची साठवण, असा २८ फूट लांब आणि १२ फूट रुंद मुख्य भाग. त्याच्या उत्तरेला पूर्ण लांबीची, १० फूट खोल सपरी. ती ईशान्येच्या कोपऱ्यावरून वळवून पूर्वेकडेही १० फूट रुंदीने दक्षिण टोकापर्यंत न्यावी. उत्तरेच्या सपरीत वर्षातले बहुतेक दिवस ऊन येत नाही. जूनमध्ये मावळतीचे ऊन वायव्येकडून आत शिरते, तेवढ्यापुरता पश्चिम टोकाला बांबूचा तट्टा किंवा वेल चढवलेली जाळी पुरते. पूर्वेची सपरी दुपारनंतर सावलीत असते आणि हिवाळ्यात सकाळी तिच्यात कोवळे ऊन येते. आजी-आजोबांची बाज, भाजी निवडणे, मुलांचा अभ्यास यांसाठी ईशान्येचा कोपरा राखून ठेवावा. मृगानंतरचा पाऊस मुख्यतः नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येत असल्याने या दोन्ही सपऱ्या झडीतही बऱ्यापैकी कोरड्या राहतात.

लोखंडाचे काम, म्हणजे ग्राइंडर आणि वेल्डिंग, पूर्वेच्या सपरीच्या दक्षिण टोकाला ठेवावे. उन्हाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून आणि वायव्येकडून वाहतो, त्यामुळे धूर, लोहाचा चुरा आणि ठिणग्या इमारतीपासून बाहेरच्या बाजूला जातात. तेथे उरलेल्या सपरीपासून वेगळे करणारी विटांची सात फूट उंच आडभिंत बांधावी. वेल्डिंगचा प्रकाश दुरून पाहणाऱ्या लहान मुलांच्या डोळ्यांनाही इजा करतो आणि पडदा लावण्याचे काम घाईत हमखास राहून जाते. ही आग्नेय दिशा, म्हणजे वास्तूप्रमाणेही अग्नीचीच, हा आणखी एक योगायोग. अट एवढीच की कुटाराचा ढीग, कडब्याची गंजी किंवा जनावरांचा कोठा त्या बाजूला वाऱ्याखाली नसावा. वर्कशॉप राहत्या घराच्या आग्नेयेस, वीस-तीस फुटांवर बांधले, तर उत्तरेची सपरी घराकडे तोंड करून राहते, स्वयंपाकघरातून हाक ऐकू येते आणि आवाज व धूळ मात्र घरापासून दूर जाते.

सपरी नीट कशी करावी

सपरीची खोली, म्हणजे भिंतीपासून खांबांपर्यंतचे अंतर, दहा फुटांहून कमी करू नये असे माझे ठाम मत आहे. सहा फुटांची सपरी ही येण्याजाण्याची वाट होते. तेथे बाक मांडला की माणूस उन्हात उभा राहतो. छप्पर भिंतीला साडेनऊ फुटांवर जोडावे आणि खांबांवर साडेसात फुटांवर उतरवावे. मुख्य खोलीची भिंत अकरा फूट ठेवली तर सपरीच्या छपराच्या वर फूटभर उंचीचे झरोके काढता येतात, ज्यांतून वर साचलेली गरम हवा रात्रंदिवस बाहेर पडते. त्यांना बारीक जाळी हवी, नाही तर पाखरे घरटी करतात.

सपरीचे छप्पर मुख्य छपराचेच लांबवलेले टोक म्हणून करू नये, ते वेगळे करावे. एप्रिल-मे महिन्यांतल्या वादळात वारा मोकळ्या बाजूने सपरीत घुसतो आणि पत्रे खालून वर उचलतो. छप्पर सलग असेल तर सपरीबरोबर खोलीचेही पत्रे जातात. कैच्या (छपराचा भार घेणाऱ्या चौकटी) खांबांत आणि बीममध्ये काँक्रीट टाकतानाच बसवलेल्या बोल्टला आवळाव्यात, पत्र्यावर दगड किंवा वाळूची पोती ठेवून भागवू नये. वादळात हेच दगड खाली येतात.

उंचवट्याविषयी एक हिशेब करावा. जोते दीड ते दोन फूट असले की पावसाचे पाणी, साप आणि विंचू बरेच बाहेर राहतात. पण दोन फूट चढायला म्हाताऱ्या माणसाला पायऱ्या जड जातात आणि डवरा किंवा गॅस सिलिंडर उचलावा लागतो. एकास बारा हा सोयीचा उतार धरला तर दोन फुटांसाठी चोवीस फूट लांबीचा रॅम्प लागतो. उत्तरेच्या सपरीच्या कडेने तो आरामात बसतो, मात्र नंतर सुचला तर बसत नाही.

सेवाग्रामला जाणे शक्य असेल त्यांनी मे महिन्यातल्या दुपारी आदी निवास आणि बापूकुटी यांच्या सपरीत थोडा वेळ बसून यावे आणि बरोबर मोजपट्टी न्यावी. १९३६ साली गांधीजी तेथे राहायला आले. मातीच्या भिंती, लाकूड-बांबू आणि कवेलू (मातीची कौले) एवढ्याच साहित्यात केलेल्या त्या घरांत छप्पर किती खाली उतरवले आहे आणि उन्हाची तिरीप कोठे थांबते, हे डोळ्यांनी पाहिलेले नकाशापेक्षा लवकर समजते. वर्ध्याचीच ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र (सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस) ही संस्था स्थानिक साहित्याच्या स्वस्त बांधकामावर अनेक दशके काम करत आली आहे. गवंड्याला बरोबर घेऊन तेथे एक चक्कर मारणे उपयोगाचे ठरते.

छप्पर

कवेलूचे छप्पर सर्वांत थंड, हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ते का गेले हेही ठाऊक आहे : वानरांची टोळी एकदा छपरावरून गेली की पावसाळ्यापूर्वी पुन्हा फेरणी करावी लागते, आणि फेरणी करणारे हात आता गावात सहज मिळत नाहीत. वानरांचा त्रास नसलेल्या गावी कवेलू अवश्य वापरावेत. इतरांनी टीन वापरावे, पण उघडे ठेवू नये. वरून पांढरा परावर्तक रंग किंवा दरवर्षी चुना, आणि खालून एक फुटाची पोकळी सोडून बांबूच्या तट्ट्यांचे आच्छादन, या दोन गोष्टी एकत्र केल्या तरच खोलीतला फरक जाणवतो. एकट्या रंगावर फार भिस्त ठेवू नये. पत्र्यावर तुराट्या किंवा पऱ्हाट्या (तुरीची, कपाशीची वाळकी झाडे) पसरण्याची पद्धत घरासाठी ठीक असेल, ज्याच्याखाली वेल्डिंग होते त्या छपरावर ती नको.

एकूण छपराचे क्षेत्र वरच्या मापाने सुमारे ८३६ चौरस फूट, म्हणजे ७८ चौरस मीटर भरते. बुलडाणा-अकोल्याकडे वर्षाला साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. ८०० मिलिमीटर धरून आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले तरी सुमारे ५० हजार लिटर पाणी पन्हाळीतून विहिरीच्या किंवा बोअरच्या पुनर्भरणाकडे नेता येते. गडचिरोली-गोंदियात पाऊस १,२०० मिलिमीटरहून अधिक असल्याने पन्हाळी मोठ्या घ्याव्या लागतात आणि छपराचा उतारही अधिक ठेवावा लागतो.

भिंती, लाकूड, बांबू

भिंतींसाठी जवळच्या भट्टीच्या लाल विटा किंवा राखेच्या विटा, जे गावापर्यंत स्वस्त पडेल ते घ्यावे. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, पारस येथील औष्णिक वीज केंद्रांमुळे राखेच्या विटा आपल्याकडे सहज मिळतात. विटा उभ्या लावून मध्ये पोकळी सोडणारी रॅट-ट्रॅप बाँडची भिंत नऊ इंचांच्या भरीव भिंतीपेक्षा सुमारे पाव हिस्सा कमी विटांत होते आणि उष्णताही कमी आत सोडते. गवंड्याने ती पूर्वी केलेली नसेल तर प्रथम साठवणीच्या खोलीवर हात बसवून घ्यावा.

सागवान स्वतःच्या धुऱ्यावरचे असले तरी ते परस्पर तोडता येत नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ खाली त्याला परवानगी लागते आणि वाहतुकीला वनविभागाचा परवाना लागतो. बांबूचे तसे नाही. २०१७ च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेर वाढवलेला बांबू भारतीय वन अधिनियमातील झाडाच्या व्याख्येतून वगळला गेला. सपरीच्या वाशांसाठी भरीव मानवेल बांबू चांगला, मात्र तो बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात बुडवून मुरवलेला असावा. लाकूड किंवा बांबू थेट जमिनीला टेकवू नये; खांबाखाली काँक्रीटचा किंवा दगडाचा फूटभर उंच बसका द्यावा, नाही तर उधई दोन पावसाळ्यांत काम करून जाते.

कापूस, विष आणि ठिणगी

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. भाव वाढेल या आशेने घरात थांबवलेला कापूस हा विदर्भातल्या घराघरांतला अनुभव आहे, आणि जागा कमी पडली की तो मोकळ्या दिसणाऱ्या वर्कशॉपमध्ये येणार हे गृहीत धरूनच आखणी करावी. कटिंगच्या किंवा वेल्डिंगच्या ठिणग्या ३० ते ३५ फुटांपर्यंत उडू शकतात, आणि कापसात शिरलेली ठिणगी लगेच पेट न घेता आत धुमसत राहते. म्हणून साठवणीची खोली कामाच्या खोलीला आतून दाराने जोडू नये. तिचे दार पश्चिमेला, बाहेरून असावे आणि दोन्ही खोल्यांमधली भिंत छपरापर्यंत पूर्ण न्यावी. वर फट ठेवली तर भिंतीचा उपयोग नाही. वेल्डिंग संपल्यावर किमान अर्धा तास तेथे कोणीतरी थांबावे, आणि वाळूची बादली व एबीसी प्रकारचे अग्निशामक दाराजवळ, हाताशी असावे.

कीटकनाशकांच्या बाटल्या आणि फवारणीचे पंप या इमारतीत कोठेही ठेवू नयेत, साठवणीतसुद्धा नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे अजून कोणी विसरलेले नाही. जेथे पापड लाटले जातात आणि मुले बसतात, त्या छपराखाली या वस्तूंना जागा नाही. त्यांच्यासाठी शेताच्या बाजूला, पाण्यापासून दूर, झरोके असलेले पत्र्याचे वेगळे कपाट करावे आणि किल्ली एकाच जबाबदार माणसाकडे ठेवावी. पंपाची दुरुस्ती तो स्वच्छ धुऊन वाळवल्यावर, बाहेर आंगणात करावी.

पोत्यांबरोबर उंदीर आणि उंदरांमागे साप येतात. नाग, मण्यार आणि घोणस हे तिन्ही आपल्याकडे आहेत. दारांखाली फट ठेवू नये, भिंतीला टेकून लाकडांचा ढीग रचू नये आणि घर ते वर्कशॉप या वाटेवर एक दिवा कायम ठेवावा.

आतली मांडणी आणि वीज

कामाच्या खोलीला उत्तरेकडे मोठ्या खिडक्या द्याव्यात. तेथून येणारा उजेड दिवसभर सारखा राहतो आणि कापलेल्या लाकडाची रेघ नीट दिसते. राष्ट्रीय इमारत संहितेत उष्ण-कोरड्या हवेसाठी खिडक्यांचे क्षेत्र फरशीच्या किमान एक दशांश सांगितले आहे. वर्कशॉपला त्याच्या दीडपट तरी असावे. दारे दोन हवीत : सपरीत उघडणारे सहा फुटांचे दुपाखी आणि पूर्वेला साडेतीन फुटांचे, म्हणजे एका बाजूला आग लागली तर दुसरीकडून निघता येते. शटर मात्र नको, ते एकदा खाली ओढले की हवाही बंद होते.

बाकाची उंची प्रत्येकाची वेगळी असते. सरळ उभे राहून हात खाली सोडावेत. मनगट जेथे येते ती उभ्याने काम करण्याची उंची. पुरुषांसाठी ती साधारण ३२ ते ३४ इंच भरते, बायकांसाठी थोडी कमी. आपल्याकडचे सुतारकाम, बांबूकाम आणि वाळवण बसून करण्याची रीत असल्याने सपरीत १७-१८ इंच उंच, दोन फूट रुंद असा सलग कट्टा बांधणे सर्वांत उपयोगी ठरते. तो बसायला, सामान ठेवायला, मुलांना उभ्याने काम करायला आणि गुडघे दुखणाऱ्यांना टेकायलाही चालतो. त्यावर शहाबादी फरशी बसवावी, म्हणजे पीठ आणि रंग दोन्ही पुसता येतात.

वर्कशॉपची वीज घरगुती जोडणीवरूनच घ्यावी. कृषिपंपाच्या जोडणीवर असा वापर नियमात बसत नाही, शिवाय त्या फीडरला वीज ठरावीक तासच असते. गावठाण फीडरवरच्या सिंगल फेजला इन्व्हर्टर प्रकारचे छोटे वेल्डिंग मशीन चालते. जुने ट्रान्सफॉर्मरचे मशीन लावले की शेजाऱ्यांचे दिवे मंद होतात आणि भांडणे होतात. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय एकही सॉकेट चालू करू नये. यंत्रांची लाइन दिव्या-पंख्यांच्या लाइनपासून वेगळी घ्यावी आणि तिला किल्लीचा स्विच लावावा, म्हणजे मुले एकटी असताना उजेड-पंखा चालू राहतो आणि यंत्रे बंद राहतात. काळी जमीन उन्हाळ्यात कोरडी पडून भेगाळते, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालत राहावे. कूलरसाठी उत्तरेच्या भिंतीत जागा सोडावी आणि समोरच्या दक्षिणेच्या खिडकीतून हवा बाहेर जाऊ द्यावी. बंद खोलीत लावलेला कूलर केवळ दमटपणा वाढवतो.

परवानगी आणि कामाचा क्रम

गावठाणात बांधायचे असेल तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५२ प्रमाणे परवानगी लागते, आणि बांधकामानंतर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ या कर-आकारणी नोंदवहीत त्याची नोंद करून घ्यावी. सात-बाऱ्यावरच्या शेतजमिनीत अवजारे, शेतमाल, जनावरे आणि शेतीला लागणाऱ्या कामासाठीची इमारत ही महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे शेतघरात मोडते. मात्र गावातल्या लोकांची वेल्डिंगची कामे पैसे घेऊन करायची असतील तर तो अकृषक वापर ठरू शकतो आणि वीजही घरगुती दराने चालत नाही. हे काम सुरू करण्याआधीच ग्राम महसूल अधिकाऱ्याला (पूर्वीचा तलाठी) आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचा ग्रामसेवक) विचारून घ्यावे. वरून ११ केव्हीची तार गेलेली असेल ती जागा सोडूनच द्यावी.

पैसा एकदम नसेल तर काम दोन उन्हाळ्यांत विभागावे, आणि पहिल्या उन्हाळ्यात पूर्ण इमारतीचा पाया व जोते, तसेच दोन्ही सपऱ्यांचे छप्पर करावे. खोलीच्या भिंती येईपर्यंत सपरी स्वतःच्या खांबांवर दोन्ही बाजूंनी उभी राहील अशी आखावी. यामुळे पहिल्याच पावसाळ्यात जागा वापरात येते, आणि कोणाची कामे कोठे होतात हे पाहून दुसऱ्या वर्षी खोलीची दारे-खिडक्या हलवता येतात. कापूस आणि तूर विकून हाती पैसा येतो तो जानेवारी-फेब्रुवारीत. खोदाई मार्चमध्ये आणि छप्पर मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत संपेल असा करार गवंड्याशी करावा, कारण रोहिणी लागल्यावर मजूर शेताकडे वळतात. बाहेरचा गिलावा आणि कोब्याचा वरचा थर मात्र पहिला पावसाळा आणि त्यानंतरचा उन्हाळा उलटेपर्यंत थांबवावा. भरावाचा मुरूम बसायचा असतो आणि काळ्या जमिनीने भिंतींना काही करायचे असेल तर ते तोवर दिसून येते.